अ‍ॅडहीजन: दोन परक्या गोष्टी एकमेकींना का चिकटतात?

सायकलच्या दुकानात पंक्चर काढताना कधी नीट बघा. भोक सापडलं की पंक्चरवाला आधी ट्यूबची तेवढी जागा पॉलिश पेपरने किंवा जुन्या कानशीने घासून काढतो. मग बोटाने सोल्युशन फासतो, पण लगेच पॅच लावत नाही. थांबतो. फुंकर मारतो, मधल्या वेळात दुसऱ्या कुणाच्या चाकात हवा भरून येतो. सोल्युशनची ओली चमक गेली, बोट लावल्यावर ते बोटाला येईनासं झालं, की पॅच ठेवतो आणि वरून हातोडीने ठोकतो. घाईत असलेलं गिऱ्हाईक इथे हमखास विचारतं, "अहो, वाळून गेलं की ते! आता कसं चिकटणार?"

प्रश्न रास्त आहे, कारण चिकटपणा हा डिंकाचा गुण, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. डिंक चिकट, मध चिकट, काकवी चिकट; जे चिकट ते चिकटवणार. पण मधाने लाकूड जोडता येत नाही, आणि पाण्यासारखा पातळ सुपरग्लू मात्र तुटक्या खेळण्याचा हात काही सेकंदांत जागेवर बसवतो. बोटाला जाणवतो तो चिकटपणा बराचसा दाटपणाचा असतो. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना धरून राहणं ही निराळीच गोष्ट आहे. तिला इंग्रजीत अ‍ॅडहीजन म्हणतात, मराठी परिभाषेत आसंजन. आणि ती एकट्या डिंकात नसते, एकट्या लाकडातही नसते. दोघांच्या सीमेवर घडते. एवढं एक सूत्र धरून ठेवलं तर हा शब्द पुढे रेल्वेत, ऑपरेशन थिएटरमध्ये आणि कोर्टात भेटला तरी ओळखू येतो.

जवळ या, आणखी जवळ

स्टीलच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या चिकटत का नाहीत, हा प्रश्न खरं तर आधी पडायला हवा. कारण कुठलेही दोन रेणू पुरेसे जवळ आले की एकमेकांना ओढतातच. योहानेस व्हान डर व्हाल्स या डच शास्त्रज्ञाच्या नावाने हे आकर्षण ओळखलं जातं. त्याला १९१०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. अडचण अंतराची आहे. हे आकर्षण मोजक्या नॅनोमीटरपर्यंतच जोर धरतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस जाडीला काही दहा हजार नॅनोमीटर भरतो. आपल्याला गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग या मापात डोंगरदऱ्यांचा असतो. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की फक्त काही शिखरं शिखरांना टेकतात. बाकी सगळीकडे मधे हवा, धूळ आणि तेलाचा पापुद्रा.

पुण्या-चिंचवडच्या टूलरूममध्ये काम केलेल्यांना याचा पुरावा सांगायला नको. मोजमापासाठी वापरतात ते स्लिप गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पोलादी वड्या, इतके सपाट घासलेले असतात, की दोन गेज पुसून, एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटून बसतात. हाताने सरळ ओढून सुटत नाहीत, पुन्हा सरकवूनच काढावे लागतात. डिंक नाही, लोहचुंबक नाही. तेलाच्या किंवा ओलाव्याच्या अतिपातळ थराचा त्यात हातभार असतो, पण मूळ कारण एकच: दोन पृष्ठभाग खरोखर जवळ आले.

साध्या वस्तू इतक्या सपाट करणं परवडणारं नाही, म्हणून मधे पातळ काहीतरी ओततात. ते दऱ्या भरून काढतं. म्हणजे कुठल्याही डिंकाची दोन कामं असतात. पहिलं, पातळ होऊन पृष्ठभागावर पसरायचं. दुसरं, पसरून झालं की घट्ट व्हायचं. पाणी पहिलं काम उत्तम करतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर सरळ उचलून वेगळ्या करता येत नाहीत. पण बाजूला सरकतात, कारण पाणी दुसरं काम करत नाही. त्याच पाण्याचा बर्फ झाला की तेही होतं, आणि फ्रीजरच्या धातूच्या कप्प्याला ओलं बोट लावल्यावर ते आपल्याला कळतं.

पसरायचं काम वाटतं तितकं सोपं नाही. काचेवर पाणी पसरतं, अळूच्या पानावर गोळा होऊन घरंगळतं. थेंबाच्या आत पाण्याचे रेणू एकमेकांना ओढत असतात आणि खालचा पृष्ठभाग त्यांना आपल्याकडे ओढत असतो. कोण जिंकतं यावर थेंब पसरणार की गोल राहणार हे ठरतं. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यावरून ही कुस्ती मोजता येते, हे थॉमस यंगने १८०५ साली मांडलं. अळवाच्या पानावर मेणचट थर असतो आणि त्यावर सूक्ष्म उंचवटे. थेंब उंचवट्यांच्या माथ्यावर तरंगतो, खाली हवा राहते. अळवावरचं पाणी ही क्षणभंगुरतेची उपमा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. भौतिकशास्त्राच्या भाषेत ती दुबळ्या आसंजनाची उपमा आहे.

आता पंक्चरवाल्याकडे परत येऊ. घासल्याने जागा खरखरीत होते आणि त्याने थोडी मदत होते हे खरं, पण घासण्याचं मोठं काम साफसफाईचं आहे. ट्यूबवर पावडर असते, तेलकटपणा असतो, हवेने जुनाट झालेली कातडी असते. सोल्युशन त्या कातडीला चिकटलं तर ते कातडीसकटच सुटून येणार. सोल्युशन म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या द्रावकात विरघळवलेलं रबर. द्रावक ओला असतानाच पॅच लावला तर तो मधे अडकतो, बुडबुडे धरतो, थर कच्चा राहतो. तो उडून गेला की मागे उरतं रबर, आणि रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. बोटाला कोरडा लागणारा तो थर आतून अजून हलता असतो. पॅचच्या खालच्या बाजूलाही कच्च्या रबराचा तसाच थर असतो. दोन्ही दाबून जवळ आणले की इकडच्या साखळ्या तिकडे शिरतात, गुंततात. हातोडी त्यासाठी. प्लायवूडवर सनमायका लावणारा सुतार पिवळा रबरी गम दोन्ही बाजूंना लावून वीसेक मिनिटं बिडी ओढत बसतो, तेही याच कारणाने. त्याला आळशी म्हणणाऱ्या घरमालकांचा सनमायका पुढे कोपऱ्यातून उचलला तर दोष कुणाचा ते सांगायला नको.

आधी घासून जागा साफ आणि खरखरीत करायची, ही युक्ती दातांच्या डॉक्टरांनी १९५५मध्ये उचलली. मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने दाताच्या एनॅमलवर अर्धा मिनिट फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिलं. एनॅमलवर सूक्ष्म खड्डे पडले, वरचा मळ गेला आणि अ‍ॅक्रिलिकचं भरण त्यावर कितीतरी घट्ट बसलं. आज दातात पांढरं सिमेंट भरताना डॉक्टर आधी निळसर जेल लावून धुऊन टाकतात, ते हेच.

वाळून, थिजून, आणि कधीच न वाळून

घट्ट व्हायचं दुसरं काम वेगवेगळे डिंक वेगवेगळ्या वाटेने करतात. पतंगाची खळ, बाभळीचा डिंक, सुतारांचा जुना सरस, यांच्यातलं पाणी जावं लागतं. (सरस उकळताना जो वास सुटायचा तो आठवणारे आता थोडे राहिले. हाडं आणि कातडी शिजवून केलेली वस्तू ती, दुसरं काय होणार?) मुंबईत १९५९ साली सुरू झालेल्या फेव्हिकॉलने सरसाची सद्दी संपवली. तेही पाण्यावरच चालतं: पांढरं दूध दिसतं ते पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे बारीक कण. पाणी लाकडात मुरतं, कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो. म्हणूनच फेव्हिकॉलने दोन काचा किंवा दोन प्लास्टिक जोडायला गेलं तर पदरी काही पडत नाही. पाण्याला जायला वाटच नसते.

लाख तापवली की वितळते आणि थिजून धरते. अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूब मिसळल्या की रासायनिक क्रिया होते. सुपरग्लू हवेतल्या आणि वस्तूवरच्या ओलाव्याने घट्ट होतो. बाटलीत ओलावा नाही म्हणून आतमध्ये पातळ राहतो, आणि बोटाला भरपूर ओलावा म्हणून बोटं आधी चिकटतात. हॅरी कूव्हर आणि त्याच्या सहकाऱ्यांना हे रसायन १९४२ साली बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडलं, आणि सगळ्याला चिकटतं म्हणून त्यांनी ते वैतागून बाजूला ठेवलं. बाजारात यायला १९५८ उजाडलं.

उलट गोष्ट पोस्ट-इटची. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरला १९६८ मध्ये एक असा डिंक मिळाला जो नीट चिकटतही नव्हता आणि वाळतही नव्हता. त्याचे सूक्ष्म गोळे कागदाला फक्त ठिकठिकाणी टेकत. बारा वर्षं गेली, तेव्हा कुठे त्याच्या पिवळ्या चिठ्ठ्या झाल्या. सेलोटेप आणि स्टिकर याच बिरादरीतले: त्यांचा थर कधीच पूर्ण घट्ट होत नाही, दाबला की पसरतो, ओढला की अडतो.

नव्या स्टीलच्या डब्यावरचा स्टिकर हा तर घरचा अभ्यास आहे. तो ओढल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. अख्खा स्टिकर गमासकट निघाला, तर स्टील आणि गम यांची सीमा सुटली. म्हणजे अ‍ॅडहीजन हरलं. अर्धा गम डब्यावर, अर्धा कागदाला राहिला, तर गम स्वतःच्याच पोटात फाटला. म्हणजे गमाच्या रेणूंनी एकमेकांना धरून ठेवणारी ताकद, जिला कोहीजन किंवा संसक्ती म्हणू, ती कमी पडली. आणि बहुधा होतं ते तिसरंच: कागद स्वतःच चिरतो आणि आपण नखाने खरवडत बसतो. उपाय खोबरेल तेल. त्याने गम फुगतो, मऊ होतो, स्टीलवरची पकड सोडतो.

पालीला डिंक लागत नाही

या सगळ्यात डिंकाशिवाय काम भागवणारी उस्ताद म्हणजे घरातली पाल. तिच्या पायात चिकट द्रव असतो, किंवा चोषक वाट्या असतात, असं लहानपणी ऐकलेलं असतं. दोन्ही नाही. टोके नावाच्या मोठ्या जातीच्या पालीच्या एकेका पायाच्या तळव्याला सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात. प्रत्येक केस टोकाला शेकडो फाट्यांत फुटतो आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला चपटी पळी असते, रुंदी जेमतेम २०० नॅनोमीटर. भिंतीच्या डोंगरदऱ्यांत या पळ्या आत शिरून टेकतात. २००० साली केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी एका सुट्या केसाची ताकद मोजली: सुमारे २०० मायक्रोन्यूटन, म्हणजे वीसेक मिलिग्रॅम वजन पेलण्याइतकी. आकडा क्षुल्लक दिसतो, पण गुणिले ५ लाख, गुणिले ४ पाय. सगळे केस एका वेळी लागले तर पाल कित्येक किलो पेलू शकेल. एरवी ती त्यातला अगदी थोडा भाग वापरते. पुढे २००२ मध्ये त्याच गटाने दाखवलं की ही पकड व्हान डर व्हाल्स आकर्षणाचीच आहे.

चिकटण्याहून सुटणं अवघड असायला हवं, पण पाल छतावर धावते. ती बोटं टोकाकडून वर वळवून सोलल्यासारखी उचलते. केसाचा कोन सुमारे ३० अंशांपलीकडे गेला की पकड आपोआप सुटते. टेप सरळ ओढून निघत नाही आणि कोपऱ्यातून सोलली की निघते, त्यातलाच प्रकार. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र पाल घसरते. टेफ्लॉनचे रेणू कुणालाच फारसं जवळ करत नाहीत. मग ते तव्याला कसं चिकटवलं, असा प्रश्न आला असेल तर उत्तर परत पंक्चरवालाच: आधी तवा खरखरीत करतात, मग अस्तराचा थर, मग टेफ्लॉन.

सिंहगडाच्या यशवंती घोरपडीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. घोरपडीच्या पायाला असे केस नसतात; ती नखांनी खाचा धरते. कड्यावर माणसाचं वजन पेलणाऱ्या घोरपडीची कथा दंतकथा म्हणूनच वाचावी. तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम तिच्यावाचून अडलेला नाही.

शब्द आला कुठून

लॅटिनमध्ये 'हाएरेरे' म्हणजे चिकटून असणं, अडकून राहणं. त्याला 'अ‍ॅड' म्हणजे 'कडे' हा उपसर्ग लागला आणि 'एखाद्याला जाऊन चिकटणं' असा अर्थ झाला. फ्रेंचमधून आणि थेट लॅटिनमधून तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत रुळला. त्याची भावंडं आपण रोज वापरतो. 'को' म्हणजे एकत्र, म्हणून कोहीजन, कोहेरंट: आपल्यातच एकमेकांना धरून असलेलं. 'इन' म्हणजे आत, म्हणून इन्हेरंट: आतच चिकटलेलं, अंगभूत. आणि हेझिटेट! लॅटिनमध्ये पुन्हा पुन्हा अडकणं, बोलताना अडखळणं असा त्याचा अर्थ. कचरणारा माणूस शब्दशः अडकलेला असतो.

मराठी 'आसंजन' ज्यांनी घडवला त्यांना दाद द्यायला हवी. संस्कृत 'सञ्ज्' धातूचा अर्थही चिकटणं, बिलगणं, आणि 'आ' हा उपसर्ग इथे 'अ‍ॅड'चंच काम करतो. याच धातूतून संग, आसक्ती, निःसंग, संसक्त आले; प्रसंगसुद्धा, म्हणजे जोडून आलेली गोष्ट. रेणूंची ओढ आणि मनाची ओढ दोन्ही भाषांनी एकाच कुळात ठेवली आहे. इंग्रजीने पुढे थोडी वाटणी केली. वस्तू चिकटतात तेव्हा अ‍ॅडहीजन, माणसं नियमाला किंवा औषधाच्या वेळापत्रकाला धरून राहतात तेव्हा अ‍ॅडहिअरन्स. क्षयरोगाच्या किंवा एचआयव्हीच्या औषधकेंद्रात समुपदेशक 'अ‍ॅडहिअरन्स कसा आहे' असं विचारतात, ते गोळ्या न चुकवता घेताय ना, एवढंच.

घाटातली पकड

रेल्वेवाल्यांचं अ‍ॅडहीजन म्हणजे चाकाची रुळावरची पकड. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ती जागा बोटाच्या नखाएवढी. इंजिन कितीही ताकदीचं असो, तेवढ्या नखाएवढ्या जागांतून जेवढी ओढ रुळात उतरेल तेवढीच गाडी ओढली जाणार. हिशोब सोपा आहे: चालत्या चाकांवरचं वजन गुणिले पकडीचा गुणांक. १२० टनांचं इंजिन आणि गुणांक ०.२५ धरला तर ३० टनांची ओढ. त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरतात.

सुरुवातीच्या अभियंत्यांना या पकडीचा भरवसाच नव्हता. १८१२ साली इंग्लंडात लीड्सजवळच्या मिडलटन इथे जॉन ब्लेंकिन्सॉपने रुळाला दाते बसवले आणि इंजिनाला दातेरी चाक. त्या काळचे ओतीव लोखंडाचे रूळ जड इंजिनाखाली मोडत, आणि हलक्या इंजिनाची पकड पुरत नसे. त्याच सुमारास विल्यम हेडलीने वायलम इथे माणसांनी दांडे फिरवून चालवायची गाडी केली आणि गुळगुळीत चाकंही भार ओढू शकतात हे दाखवून दिलं. तेव्हापासून दाते नसलेल्या रेल्वेला अ‍ॅडहीजन रेल्वे म्हणतात. म्हणजे जगातली जवळपास सगळी रेल्वे.

कर्जत-लोणावळ्याचा भोर घाट १८६३ मध्ये सुरू झाला. चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. एवढ्यावर गाडी नेण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. कसाऱ्याच्या घाटातही तेच. बँकर नुसती ताकद वाढवत नाहीत, पकड धरणाऱ्या चाकांची संख्या वाढवतात, आणि डब्यांच्या कपलिंगवरचा ताणही हलका करतात. १९०७ची नेरळ-माथेरान गाडी २०ला १ चढते, तीही दात्यांशिवाय. निलगिरीची गाडी जवळजवळ १२ला १ चढते. तिथे मात्र निव्वळ पकडीवर विसंबता येत नाही, रुळांच्या मधे दातेरी पट्टी आहे.

पकडीचा खरा शत्रू मुसळधार पाऊस नाही, भुरभुर आहे. मृगाचे पहिले चार थेंब रुळावरच्या गंज-तेल-धुळीत मिसळून निसरडा लेप करतात. जोराचा पाऊस तो धुऊन टाकतो. इंजिनात कोरड्या वाळूचे डबे असतात, लोको पायलट बटण दाबून चाकापुढे वाळू सोडतो. एकोणिसाव्या शतकातली युक्ती वाटावी, पण अगदी आधुनिक विजेच्या इंजिनातही आहे.

काटेकोर भौतिकशास्त्रज्ञ म्हणेल, हे घर्षण झालं, याला अ‍ॅडहीजन का म्हणता? पण केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी १९४०च्या सुमारास दाखवलं, की धातूंचं घर्षण मुळात टेकलेल्या शिखरांच्या चिकटण्यातूनच येतं. रेल्वेवाल्यांनी शब्द आधी वापरला, कारण नंतर सापडलं.

पोटातलं चिकटणं

डॉक्टर हा शब्द उच्चारतात तेव्हा सूर बदलतो. इथे चिकटणं नको असतं. पोटाच्या पोकळीला आतून आणि आतड्यांना बाहेरून एक पातळ, ओलसर अस्तर असतं, पेरिटोनियम. त्याच्यामुळे आतडी एकमेकांवरून सतत सरकू शकतात. ऑपरेशनमध्ये ते अस्तर खरचटतं, सुकतं, कुठे चटका बसतो. काही तासांत जखमेवर फायब्रिन जमतं, म्हणजे रक्त गोठताना होणारी तीच जाळी. शेजारच्या आतड्यालाही जखम असेल तर दोघांमधे पूल तयार होतो. बहुतेक ठिकाणी शरीर ही जाळी काही दिवसांत विरघळवून टाकतं. जिथे रक्तपुरवठा कमी पडतो किंवा सूज राहते तिथे ती टिकते, तिच्यात पेशी शिरतात, कोलॅजनचे चिवट धागे विणतात, रक्तवाहिन्याही येतात. मग तो चिकटा उरत नाही, जिवंत पट्टा होतो. म्हणूनच मालिशने, चूर्णाने किंवा डिटॉक्सने तो सुटेल असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर असे पट्टे बहुतेकांच्या पोटात थोडेफार होतात, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ता लागत नाही. सिझेरियन झालेल्या बाईच्या दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेलं सापडतं, सर्जन जपून सोडवतात. ऑपरेशन न होताही ते होतात: पोटाचा क्षयरोग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार), गर्भनलिकांचा जंतुसंसर्ग. नलिका चिकटल्याने मूल न होणं ही त्यातली दुखरी बाजू. आणि क्वचित एखादा पट्टा दोरीसारखा आतड्यावर पडून वाट बंद करतो, ऑपरेशनला दहा-वीस वर्षं झाल्यावरसुद्धा. कळा, पोटफुगी, उलट्या आणि गॅसही न सरणं हे एकत्र आलं आणि पोटावर जुनी खूण असेल, तर सकाळपर्यंत वाट न बघता दवाखाना गाठायचा.

साध्या सोनोग्राफीत हे पट्टे सहसा दिसत नाहीत. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल, पण दुखतंय' असे रुग्ण असतात, तसंच पोटातली प्रत्येक कुरकुर चिकटण्यावर ढकलणारेही असतात. पट्टे कापून सोडवता येतात, पण ते कापणं हीसुद्धा एक जखमच, तिथे नवे होऊ शकतात. म्हणून सर्जन त्यांना उगाच हात लावत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशनने हे प्रमाण कमी होतं. हातमोज्यांची पावडरही गुन्हेगार निघाली: तिच्या कणांभोवती सूज येऊन पट्टे होत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये पावडरवाल्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदीचा आदेश काढला.

सही करा नाहीतर सोडा

फ्रेंचमध्ये 'आदेझियों' म्हणजे सदस्य होणं, आधीपासून असलेल्या गोष्टीला जाऊन मिळणं. तिथला कायदेपंडित रेमों सालेय याने १९०१ मध्ये 'चिकटण्याचा करार' अशी कल्पना मांडली. एका बाजूने सगळ्या अटी आधीच छापलेल्या. दुसऱ्याने घासाघीस करायची नाही, फक्त जाऊन चिकटायचं किंवा निघून जायचं. अमेरिकेत हा शब्द एडविन पॅटरसनने १९१९ साली आयुर्विम्याच्या पॉलिसीवर लिहिताना नेला. विम्याची पॉलिसी, बँकेच्या कर्जाचे कागद, मोबाइलवरचं 'आय अ‍ॅग्री', पार्किंगच्या पावतीमागचा बारीक मजकूर, सगळे याच जातीचे.

असा करार मुळात बेकायदा नाही. लाखो ग्राहकांशी वेगवेगळी बोलणी करत बसली तर कुठलीच विमा कंपनी चालणार नाही. प्रश्न येतो तो एखादी अट फारच एकतर्फी निघाली की. १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन महिन्यांच्या नोटिशीवर, कारण न देता कायम कर्मचाऱ्याला काढून टाकण्याचा नियम रद्द ठरवला. दोन पक्षांच्या ताकदीत एवढी तफावत असेल आणि दुबळ्यापुढे सही करण्यावाचून मार्ग नसेल, तर अशी अन्यायी अट करार कायद्याच्या कलम २३खाली टिकत नाही, असा त्याचा मथितार्थ. २०१९ मध्ये एका फ्लॅटच्या वादात कोर्टाने हेच बिल्डरच्या छापील कराराला लावलं: ग्राहकाचा हप्ता लांबला तर त्याच्याकडून १८ टक्के व्याज आणि बिल्डरने पैसे परत करायला विलंब केला तर त्याने फक्त ९ टक्के द्यायचं, असा करार घर घेणाऱ्यावर बंधनकारक धरला नाही.

त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' याची व्याख्याच आली. अवाच्या सवा अनामत, नुकसानाच्या मानाने भलताच दंड, कर्ज मुदतीआधी फेडू न देणं, कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा हक्क, अशी उदाहरणंही तिच्यात दिली आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, कारण इथे अनेकांचा हेलपाटा होतो: अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही. मोबदल्याची रक्कम १० कोटींपर्यंत असेल तर राज्य आयोग, त्यावर असेल तर राष्ट्रीय आयोग.